नेटवर्क शिकायचंय? आधी तुमच्याच कॉम्प्युटरला विचारा

नेटवर्किंग शिकायला बसलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात होते सात लेयरच्या तक्त्याने, मग स्टार टोपोलॉजी, रिंग टोपोलॉजी, बस टोपोलॉजी, त्यांच्या आकृत्या, लॅन मॅन वॅनच्या व्याख्या, आणि दोन दिवसांत माणूस वही मिटून टाकतो. माझं मत विचाराल तर हे सगळं नंतर. तुमच्यासमोरचा कॉम्प्युटर आत्ता या क्षणाला नेटवर्कलाच जोडलेला आहे ना, मग त्यालाच विचारूया की बाबा तू कुठं जोडला गेलायस आणि कसा. पुढच्या पहिल्या दोन पायऱ्या साध्या विंडोजवर करून बघता येतात आणि त्यात आपण फक्त वाचणार आहोत, कुठलंही सेटिंग बदलणार नाही, त्यामुळे काही बिघडायची भीती नको.

व्याख्या एका ओळीत उरकतो. दोन किंवा जास्त मशीन ठरलेल्या नियमांनी एकमेकांना डेटा पाठवू शकत असतील तर ते नेटवर्क, आणि त्या नियमांना म्हणायचं प्रोटोकॉल. नुसती वायर लावली म्हणजे झालं असं नाही. एका खोलीतलं, एका बिल्डिंगमधलं ते लॅन, आणि लांबलांबची लॅन जोडून झालेलं ते वॅन, इंटरनेट हे त्यातलं सगळ्यात मोठं. बास, एवढ्यावर कामाला लागता येतं.

पायरी १: चार ओळी वाचा

स्टार्ट मेनूत सीएमडी टाइप करा, काळी विंडो उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग सगळं जोडून, मग स्पेस, मग स्लॅश ऑल असं टाइप करून एंटर मारा (इंग्रजी अक्षरांत अर्थातच). धबधब्यासारखा मजकूर येईल, त्यात ब्लूटूथ, व्हर्च्युअल अडॅप्टर (अडॅप्टर म्हणजे नेटवर्कला जोडणारं कार्ड) असलं बरंच काही असेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. ज्या अडॅप्टरखाली डिफॉल्ट गेटवेसमोर काहीतरी आकडा आहे तोच तुमचा चालू अडॅप्टर. त्यातल्या चार ओळी कळल्या की निम्मं नेटवर्किंग कळलं.

पहिली, फिजिकल अॅड्रेस, यालाच मॅक अॅड्रेस म्हणतात. सहा जोड्या, एकूण १२ अक्षरं. हा नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, कारखान्यातून आलेला, आणि त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड कुठल्या कंपनीचं ते कळतं. (हल्लीचे फोन मात्र वायफायला मुद्दाम खोटा, स्वतःच तयार केलेला मॅक सांगतात, म्हणजे कुणी त्यावरून पाळत ठेवू नये.)

दुसरी, आयपीव्ही४ अॅड्रेस. समजा १९२.१६८.१.२३ आहे. हा कार्डाला चिकटलेला नाही, नेटवर्कने दिलेला आहे. बहुतेक वेळा राउटरच (घरातला वायफायचा डबा) देतो, त्या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि पत्ता ठरावीक वेळेपुरता मिळतो. तिथेच खाली लीज नावाच्या दोन ओळी असतील, कधी मिळाला आणि कधी संपणार.

त्याला जोडूनच सबनेट मास्क, तो बहुतेक ठिकाणी २५५.२५५.२५५.० दिसेल. याचा अर्थ लोक उगाच अवघड करून सांगतात. साधा अर्थ असा की पहिले तीन आकडे ज्यांचे सारखे ते सगळे आपल्याच नेटवर्कमधले, फक्त शेवटचा आकडा वेगवेगळा, आणि शेवटच्या आकड्यातले ० आणि २५५ राखीव असल्यामुळे अशा नेटवर्कमध्ये २५४ उपकरणं बसतात.

तिसरी, डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आणि चौथी डीएनएस सर्व्हर, तो वेबसाइटच्या नावाचा आयपी शोधून देतो, कारण मशीनला नाव कळत नाही, आकडाच लागतो.

आता खरी गंमत इथे आहे. तुमच्या कॉम्प्युटरला कुणालाही काही पाठवायचं असेल तर तो आधी एकच प्रश्न विचारतो: समोरचा माझ्याच नेटवर्कमधला आहे का? १९२.१६८.१.४० ला पाठवायचंय, पहिले तीन आकडे जुळले, म्हणजे घरचाच. मग तो सगळ्यांना हाळी देतो की १.४० कोण आहे, तुझा मॅक सांग, उत्तर आलं की डेटा थेट त्याच्याकडे. नाही जुळले तर डोकं न चालवता सगळं गेटवेकडे, पुढचं राउटर बघेल. झालं, आणि पुढे राउटरसुद्धा थोड्या मोठ्या यादीत बघून असंच काहीतरी करतो. या हाळीचा पुरावा बघायचा असेल तर त्याच काळ्या विंडोत एआरपी, स्पेस, डॅश ए टाइप करा, कुठल्या आयपीचा मॅक काय ते तुमच्या मशीनने लक्षात ठेवलंय त्याची यादी येईल, त्यात तुमचा राउटर नक्की सापडेल.

एक शंका सगळ्यांना येते, की माझाही पत्ता १९२.१६८.१.२३ आणि दुसऱ्या कुणाचा दुसऱ्या नेटवर्कमध्ये तोच, मग घोळ कसा होत नाही? कारण १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते खाजगी वापराला सोडलेले आहेत, ते इंटरनेटवर फिरतच नाहीत. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी, आणि उपकरणं त्याहून कितीतरी जास्त, म्हणून ही युक्ती. ऑफिसचा बाहेरचा फोन नंबर एकच आणि आत प्रत्येकाचं एक्स्टेन्शन, तसा राउटर बाहेर एकच पब्लिक पत्ता दाखवतो आणि आत कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं ते टिपून ठेवतो. याला नॅट म्हणतात. कायमचा उपाय म्हणजे १२८ बिटवाला आयपीव्ही६, तो हळूहळू येतोय, आयपीकॉन्फिगमध्ये तुम्हाला त्याचाही लांबलचक पत्ता बहुतेक दिसला असेल.

पायरी २: पिंग मारा, पण खालून वर

"नेट चालत नाही" हे वाक्य काहीच सांगत नाही. नेमकं कुठं तुटलंय ते शोधायला चार पिंग (त्याच काळ्या विंडोत पिंग, स्पेस, पत्ता टाइप करून समोरच्या मशीनला हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं) पुरतात, फक्त क्रम सोडायचा नाही.

आधी पिंग १२७.०.०.१, हा कॉम्प्युटर स्वतःलाच हाक मारतो, हे चाललं नाही तर दोष विंडोजच्याच आत आहे (फार क्वचित होतं). मग गेटवेचा पत्ता पिंग करा. इथे उत्तर नाही आलं तर केबल, वायफाय किंवा राउटर, बाहेरच्या कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. मग पिंग ८.८.८.८, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर आहे, सहसा चालू असतो. गेटवे बोलतोय आणि हा बोलत नाही म्हणजे राउटरच्या पुढची लाइन गेलीय, आता फोन करा. आणि शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव पिंग करा. आकडा चालला पण नाव सापडत नाही असं आलं तर लाइन धडधाकट आहे, फक्त डीएनएस बसलाय, आणि डीएनएस बदलायला दोन मिनिटं लागतात. लोक अशा वेळी राउटर पाच वेळा बंद-चालू करत बसतात.

आकड्यांकडे पण बघा. केबलवर गेटवेचं उत्तर एक मिलिसेकंदात किंवा त्याहून कमी वेळात यायला पाहिजे. वायफायवर कधी ३, कधी ४०, मधेच टाइम आउट असं दिसत असेल तर इंटरनेट कंपनीला शिव्या घालण्याआधी राउटरच्या जवळ जाऊन परत बघा. मात्र पिंगचं उत्तर आलं नाही म्हणजे समोरचं मशीन बंदच आहे असं धरू नका, बरेच सर्व्हर मुद्दाम उत्तर देत नाहीत, विंडोजचा फायरवॉलही (नको ते येणं-जाणं अडवणारा पहारेकरी) अनेकदा देऊ देत नाही.

आणि आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर समजा डीएचसीपीने पत्ताच दिलेला नाही, कॉम्प्युटरने वाट बघून स्वतःच एक लावून घेतलाय. या एका आकड्यावरून अर्धा तास वाचतो.

आता त्या सात लेयरचं, म्हणजे नेटवर्कचं काम एकावर एक सात थरांत वाटून दाखवणाऱ्या तक्त्याचं बोलू, कारण तुम्ही ते नकळत चढून आलात. केबल आणि वायफायचे सिग्नल हा पहिला, मॅक दुसरा, आयपी तिसरा, पोर्ट नंबर, म्हणजे डेटा मशीनमधल्या कुठल्या प्रोग्रॅमसाठी आहे ते सांगणारा आकडा, चौथा (वेबसाइटला ८० आणि सुरक्षित वेबसाइटला ४४३), आणि नाव, ब्राउझर वगैरे वर सातवा. मधले पाचवा-सहावा परीक्षेपुरते वाचा, रोजच्या कामात त्यांचं नावही कुणी काढत नाही.

पायरी ३: डबा ओळखा

घरी ज्याला आपण राउटर म्हणतो तो एकटा नसतो, एका डब्यात तीन-चार वस्तू कोंबलेल्या असतात. मागचे तीन-चार केबलचे पोर्ट म्हणजे स्विच, अँटेना म्हणजे वायफाय देणारा अॅक्सेस पॉइंट, आतून बाहेर पाठवणारा तो राउटर, आणि काही डब्यांत बाहेरच्या लाइनचा मोडेमही. मोठ्या ऑफिसात हे सगळे सुटे असतात. फरक एवढाच लक्षात ठेवा: स्विच एकाच नेटवर्कच्या आत कोणता मॅक कुठल्या पोर्टवर आहे ते शिकून फक्त तिथेच डेटा सोडतो, राउटर एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेतो. स्विचच्या आधीचा जुना हब आलेला सगळा डेटा सगळ्या पोर्टवर ओकायचा, कुठं सापडला तर काढून टाका.

पायरी ४: दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर जोडा

केबल घेताना कॅट५ई किंवा कॅट६ घ्या. दोन्ही १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेतात, कॅट६ कमी अंतरावर १० गिगाबिटही. केबलच्या आत आठ तारा, चार जोड्या. टोकाला कनेक्टर बसवायचा तर प्रचलित क्रम असा: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सारखाच. आता यातलं मुरलेल्या लोकांचं एक निदान सांगतो. १०० मेगाबिटला फक्त केशरी आणि हिरवी जोडी लागते, गिगाबिटला मात्र चारही लागतात, त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसेल तर नेट बंद पडत नाही, बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतं आणि महिनोन्महिने कुणाला कळत नाही. म्हणून केबल लावल्यावर सेटिंगमध्ये जाऊन लिंक स्पीड वाचा, १००० च्या जागी १०० दिसलं तर आधी कनेक्टर बघा.

स्पीडवरून आठवलं, लाइन मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये, एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० मेगाबिटच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर जाणारच नाही, प्रत्यक्षात थोडं कमीच. कुणी तुम्हाला फसवलेलं नाही.

केबल नको, वायफायच हवं असेल तर २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून बरा जातो, पण त्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंत आली की दमतो. २.४ मध्ये चॅनल हाताने निवडायचा तर १, ६ किंवा ११ यातलाच निवडा, हे तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. जे मशीन जागचं हलत नाही त्याला केबल, हा माझा नियम.

आता फोल्डर शेअर करायचं. नेटवर्कचा प्रकार प्रायव्हेट ठेवा, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि ज्याला द्यायचं त्याच अकाउंटला द्या, ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना फक्त रीड. "एव्हरीवन, फुल कंट्रोल" करून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा, कारण खाली कळेल. दुसऱ्या मशीनवर अॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश आणि पहिल्या कॉम्प्युटरचं नाव टाकलं की फोल्डर दिसायला पाहिजे. नवीन माणूस इथे हमखास अडकतो कारण युजरनेम-पासवर्ड विचारला जातो आणि तो रोजचा चार आकडी पिन टाकत बसतो. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि अकाउंटला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

प्रिंटरचं दुखणं वेगळं. काल चालू होता, आज ऑफलाइन दाखवतो, वायर जागेवर, कागद भरलेला. बऱ्याचदा झालेलं एवढंच असतं की प्रिंटर बंद-चालू झाला, डीएचसीपीने त्याला नवा पत्ता दिला आणि कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवतोय. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की सहसा उघडतं) जाऊन प्रिंटरच्या मॅकसाठी एक पत्ता राखून ठेवा, प्रश्न संपला.

फायदे, थोडक्यात

हे तुम्हाला माहीत आहेतच. एक प्रिंटर सगळ्यांना, एक लाइन सगळ्यांना, फाइल पेनड्राइव्हवरून फिरवायला नको, लांबून काम करता येतं, मेसेज-मेल-व्हिडिओ कॉल. माझ्या दृष्टीने खरा मोठा फायदा ज्याचं नाव कमी घेतलं जातं तो हा की माहितीची प्रत एकच राहते. पाच जणांकडे हिशोबाच्या पाच फाइली असल्या की खरी कुठली यावर वाद, एका जागी असली की वाद नाही, बॅकअप एकदाच घ्यायचा, आणि कुणी सोडून गेलं की त्याचं अकाउंट एका ठिकाणी बंद केलं की संपलं.

तोटे, इथे जरा थांबूया

बंद पडणं हा नेटवर्कचा जन्मापासूनचा गुण आहे. २९ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, पहिला मेसेज पाठवत होते, शब्द होता लॉगिन, त्यातली पहिली दोन अक्षरं एल आणि ओ गेली आणि सिस्टीम बसली. आणि मोठ्यांचंही तेच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम साधारण सहा तास बंद होतं, कारण देखभालीच्या कामातल्या एका चुकीच्या कमांडमुळे त्यांची आतली डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली, मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे रस्तेच इंटरनेटवरून गायब झाले. दुरुस्तीला वेळ लागायचं एक कारण असं की दुरुस्तीची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर होती. तुमच्या छोट्या नेटवर्कमध्ये हीच जागा एका स्विचची किंवा एका राउटरची असते, तो गेला की दहा माणसं हात बांधून बसतात. म्हणून एक जास्तीचा साधा स्विच कपाटात असू द्या.

लूप हा प्रकार तर भलताच. टेबलाखाली लोंबणारी केबल दिसली, कुणीतरी चांगल्या मनाने तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खुपसलं, आणि सगळं ऑफिस ठप्प. कारण सगळ्यांसाठी असलेली हाळी स्विच सगळ्या पोर्टवर सोडतो, ती त्या केबलमधून परत येते, परत सगळीकडे जाते, इथरनेटमध्ये, म्हणजे या केबलवाल्या नेटवर्कच्या नियमांत, तिला कधी मरायचं हे सांगितलेलंच नसतं, त्यामुळे क्षणात नेटवर्क त्यातच बुडतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले तर लूप शोधा. यावरचा इलाज, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला, पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये तो नसतो.

आणि आता सुरक्षा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पसरला, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांपर्यंत पोचला. तो पसरायला वापरत होता विंडोजची फाइल शेअरिंगचीच व्यवस्था, एसएमबी, हो, आपण पायरी ४ मध्ये जी चालू केली तीच, फक्त तिची जुनी आवृत्ती. एक मशीन लागण झालेलं आत आलं की बाकीच्यांना कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, म्हणजे अपडेट केलेली मशीन वाचली. आणि नेहमीचे रॅन्समवेअर तर ज्याच्या मशीनवर येतात त्याला ज्या ज्या शेअर फोल्डरवर लिहायची परवानगी आहे ते सगळं लॉक करतात, आता कळलं असेल "एव्हरीवन, फुल कंट्रोल" का नको. २०१६ चा मिराय हा घातक प्रोग्रॅम त्याहून साधा होता, तो फक्त कॅमेरे आणि राउटरवर कंपनीचे ठरलेले पासवर्ड टाकून बघायचा, आणि लाखो उपकरणं उघडली.

प्रायव्हसीचं पण सांगतो. दुसऱ्याच्या वायफायवर असताना सुरक्षित वेबसाइटवर तुम्ही काय वाचता-लिहिता ते नेटवर्कवाल्याला दिसत नाही, पण कुठल्या साइटवर जाता ते सहसा दिसतं. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर तेवढंच दिसतं असंही समजू नका.

पायरी ५: आजच करायची कामं

राउटरच्या अॅडमिन पानाचा पासवर्ड बदला, वायफायचा नव्हे, तो वेगळा असतो आणि लोक नेमका तोच विसरतात. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२, जुना डब्ल्यूईपी दिसला तर तो कुलूप नसल्यासारखाच आहे. बटण दाबून किंवा पिनने जोडायचं डब्ल्यूपीएस बंद. बाहेरून राउटर उघडायची सोय बंद. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. पाहुण्यांचे फोन, टीव्ही, कॅमेरे हे सगळं गेस्ट नेटवर्कवर (राउटरमधलं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय), कामाचे कॉम्प्युटर वेगळे. विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती चालू असेल तर काढा, नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंदच असते. बॅकअपची एक डिस्क अशी ठेवा जी काम झालं की काढून ठेवली जाते, कायम जोडलेली बॅकअप डिस्क रॅन्समवेअरला पण जोडलेलीच असते.

आणि एक कागद करा. त्यावर राउटरचा पत्ता, प्रिंटरचा राखीव पत्ता, कुठली केबल स्विचच्या कुठल्या पोर्टात जाते, लाइनवाल्या कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन नंबर, अॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे ते. केबलच्या दोन्ही टोकांना तोच नंबर चिकटपट्टीने लावा. कागद हाताने लिहा किंवा प्रिंट काढा, पण लावायचा राउटरशेजारीच, शेअर फोल्डरमध्ये ठेवलात तर ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी उघडणार नाही.